तंबू तर घेतला, आता जायचं कुठं?

पत्र मोठं होतं, कामाचं तेवढं ठेवते:

"सिस्टरबाई, नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, झेडपीच्या शाळेवर आहे, वय ३६. आम्ही तिघी मैत्रिणी, एक माझ्यासारखीच मास्तरीण आणि एक अंगणवाडी सेविका. व्हिडिओ पाहून पाहून डोक्यात बसलं की पाठीवर बॅग घेऊन तीन-चार दिवस पायी फिरायचं, रात्री तंबूत झोपायचं. ६० लिटरच्या तीन बॅगा आणि एक तंबू ऑनलाइन मागवूनही झाला. दिवाळीच्या सुट्टीत जायचंय. गाडी वॅगनआर, मीच चालवते. नणंद म्हणते पचमढी करा, मैत्रीण म्हणते हरिश्चंद्रगड, मिस्टर म्हणतात चिखलदऱ्याला तर शाळेची सहल जाते, तिथं काय ठेवलंय. आणि सासूबाई रोज विचारतात, 'तीन बाया रानात कायले झोपाले जाता?' मला उत्तर सुचत नाही. घरापासून गाडीनं जमेल असं कोणतं ठिकाण निवडू?"

सासूबाईंनी बरोबर जागेवर बोट ठेवलं वं बाई. तू नणंदेचं ऐकलं, मैत्रिणीचं ऐकलं, मिस्टरांचंही ऐकलं, आणि हे तिघंही जागेचं नाव सांगून मोकळे झाले, रात्री झोपणार कुठं हे एकट्या सासूबाईंनी विचारलं. मी तीस वर्षं मेळघाटात नर्स होते, लसीचा थंड डबा खांद्याला लावून गावोगाव हिंडले, तेव्हा त्याला बॅकपॅकिंग म्हणतात हे माहीत नव्हतं नाही तर फोटो तरी काढले असते. पण त्या तीस वर्षांत सकाळी निघताना मी पहिलं हेच ठरवायचे, आज रात्री कोणाच्या घरी. वाट कुठली, चढ किती, हे त्याच्या मागून. म्हणून तुझ्या प्रश्नाला मी उलटीकडून हात घालते, आधी रात्र, मग पाणी, मग गाडी, आणि जागेचं नाव सगळ्यात शेवटी.

तर रात्र. तू व्हिडिओत पाहिलंस ना, डोंगराच्या कडेला तंबू, बाजूला शेकोटी, वर चांदण्या, ते आपल्या इकडच्या जंगलात चालत नाही. मेळघाट म्हणजे देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला एक, १९७३-७४ पासूनचा. अभयारण्यात विनापरवाना पाय ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि राखीव जंगलात विस्तव पेटवणं हा १९२७ च्या वन कायद्यानं. गार्डभाऊ दंड करतील ते एक, पण कायदा बाजूला ठेवला तरी मी तुला तिथं तंबू लावू देणार नाही. वाघाचं नाव घेऊन सगळे घाबरवतात, मला विचारशील तर मी अस्वलाला जास्त भ्यायचे. वाघ माणसाचा आवाज ऐकून बहुतेक बाजूला होतो, अस्वल मात्र नाक खाली घालून आपल्याच नादात असतं, अचानक समोरासमोर आलं की थेट तोंडावर येतं. अस्वलानं फाडलेली माणसं मी ड्रेसिंग केलीत, ते इथं लिहित नाही, सणासुदीचे दिवस आहेत. पहाटे आणि दिवस बुडताना त्याचा फिरायचा टाइम, आणि नोव्हेंबरात दिवस साडेपाच-पावणेसहालाच बुडतो, म्हणजे चार वाजता तुमचं चालणं संपून पाय मुक्कामाच्या अंगणात पाहिजेत. हे नक्की करून टाका, यात "अजून थोडं पुढं जाऊ" नको.

आणि जंगलाची हद्द आपण कागदावर पाहतो, जनावरं पाहत नाहीत. टिपेश्वरचा तो तरुण वाघ आठवतो का, गळ्यात पट्टा होता, २०१९ मध्ये यवतमाळकडून निघाला, तेलंगणात जाऊन आला, शेतांतून नाल्यांतून तीन हजार किलोमीटर चालला आणि शेवटी बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. विदर्भातला सगळ्यात मोठा बॅकपॅकर तोच. म्हणून "आम्ही कोअरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या गाभ्यात नाही, बाहेरच्या माळावर तंबू लावतो" हेही नको.

मग तंबूचं करायचं काय? सांगते, शेवटी सांगते, पैसे वाया गेले नाहीत.

आता पाणी. तू खारपाणपट्ट्यातली, जन्मभर मचूळ पाणी प्यालेली, वर डोंगरात गेलीस आणि नाल्याचं गार गोड पाणी ओंजळीत घेतलंस की तुला वाटेल अमृत. तिथंच फसायला होतं. आमच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, सहलीचे जुलाब यायचे ते जास्त करून खालच्या गावांचे असायचे, गोड लागलं म्हणून ढसाढसा प्यालेले, आणि वर पाच मिनिटांवर म्हशी बसलेल्या असायच्या. त्यामुळे नाल्याचं पाणी उकळल्याशिवाय नाही, चालता चालता लागलं तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबून. दिवसाला एकीला तीन लिटर धरा. तीन लिटर म्हणजे तीन किलो, हे पाठीवर येणार आहे, व्हिडिओवाल्यांनी हे सांगितलं नसेल. आणि दिवाळीनंतर छोटे ओहोळ आटायला लागतात, नकाशात निळी रेघ आहे म्हणून पाणी असेल असं समजू नका, रस्त्यातल्या गावाची हापशी कुठं आहे ते विचारत चाला.

गाडीचं माझं गणित सोपं आहे. चार दिवसांच्या सुट्टीत एका बाजूला चार तासांपेक्षा जास्त ड्रायव्हिंग नको, कारण चालवणारी एकटी तू, आणि परतीच्या दिवशी तुझे पाय लाकूड झालेले असतील, क्लच दाबताना पोटरीत गोळा आला म्हणजे कळेल मी काय म्हणते ते.

या गणितात पचमढी बसत नाही. तीनशे किलोमीटरच्या घरात आहे, बैतूलकडून जा नाही तर मुलताई-छिंदवाड्याकडून, सात-आठ तास कुठंच गेले नाहीत, म्हणजे चारातले दोन दिवस गाडीत. जागा लय सुंदर आहे, नाही म्हणत नाही, धूपगड म्हणजे साऱ्या सातपुड्यातलं उंच शिखर, १,३५२ मीटर, महादेव, चौरागडाच्या पायऱ्या, सगळं. पण पचमढीचं पायी चालणं म्हणजे आपल्या लोकांसाठी नागद्वारी. माझ्या मायनं दोनदा केली, डोक्यावर गाठोडं, पायात काही नाही, काजळी, पद्मशेष करत डोंगरांतून, दोरीला धरून पावसात चढलेली, वाटेत मंडळांचे भंडारे, तिथंच जेवायचं तिथंच आडवं व्हायचं. वऱ्हाड-नागपूरकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर सामान घेऊन तीन-चार दिवस चालत आलेत, नुसतं त्याला इंग्रजी नाव नव्हतं. पण ती वाट नागपंचमीच्या सुमाराला थोडे दिवसच उघडते, बाकी वर्षभर तो भाग व्याघ्र प्रकल्पात बंद. नोव्हेंबरात गेलीस तर जिप्सीत बसून पॉइंट पाहशील, बॅग लॉजवर पडून राहील. श्रावणात जमव कधीतरी, पण तेव्हा तुझी शाळा सुरू आणि घरी निंदण-डवरण, ते तुझं तू पाहा.

हरिश्चंद्रगडाचं तर विचारूच नको, साडेचारशे किलोमीटरच्या वर. गाडीनं नाहीच. पुढच्या वर्षी हिंमत आली की मूर्तिजापूर किंवा बडनेऱ्यावरून मुंबईकडची रात्रीची रेल्वे पकडा, सकाळी इगतपुरीला उतरा, तिकडच्या एखाद्या चांगल्या ग्रुपसोबत करा. सह्याद्रीची चढण आपल्या सपाटीवरच्या गुडघ्यांना पहिल्या फटक्यात देऊ नये.

लोणारचं तू विचारलं नाहीस पण कोणी ना कोणी सुचवेलच म्हणून सांगून ठेवते, पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं विवर आहे, काठानं हिंडायला मजा येते, दैत्यसूदनाचं देऊळ बघण्यासारखं, पण एका दिवसात संपतं. चार दिवसांचा जीव नाही त्यात.

उरलं चिखलदरा. हो, तेच, मिस्टरांच्या शाळेच्या सहलीचं चिखलदरा. शंभर किलोमीटरच्या आतबाहेर, अंजनगाव, परतवाडा आणि वर घाट, आरामात गेलीस तरी तीन तास. सहलीत काय होतं, बस थांबली, पॉइंट, फोटो, मक्याचं कणीस, बस. तसं पाहिलं तर कुठंच काही ठेवलेलं नसतं. मिस्टरांना सांग, आम्ही पॉइंट पाहायला चाललोच नाही, पॉइंटांच्या मधली वाट चालायला चाललोय.

चिखलदराच का, तर तिथं गाव आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, झोपायला पक्कं छत आहे, आणि आजूबाजूला पायी जाता येईल असे सार्वजनिक रस्ते आणि गावं आहेत, मोथा, शहापूर, आलाडोह, आमझरी, जिथं चालायला कोणाचा परवाना लागत नाही आणि तासाभरात एक तरी माणूस भेटतो. सेमाडोह-कोलकास पण भारी आहे, सिपना नदीकाठचं कोलकासचं विश्रामगृह तर माझ्या आवडीचं, पण तो रस्ता घनदाट जंगलातून जातो, तिथं गाडीनं जा, मुक्काम करा, सकाळी सफारी करा, रस्त्यानं पायी निघू नका. नरनाळ्याचंही तसंच, शहानूरला वनविभागाचा मुक्काम, दिवसा तिकीट काढून किल्ल्यावर, संध्याकाळच्या आत खाली. महाकाली दरवाजा आणि ती नऊगजी तोफ डोळे भरून पाहण्यासारखी आहे, पण ते एका मुक्कामाचं काम, अकोटवरून जवळ, कधीही शनिवार-रविवारी करता येईल. वर शक्कर तलाव आहे, त्यात आंघोळ केली की कुत्र्याचं चावणं उतरतं अशी जुनी समजूत, तुम्ही आपलं कुत्रं चावलं तर सरळ दवाखान्यात जाऊन रेबीजचं इंजेक्शन घ्या, मी नर्स आहे मला हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आता दिवस लावून देते, मोघम सांगितलं तर तू परत पत्र लिहिशील.

दिवाळीच्या लगेच नंतरचे शनिवार-रविवार टाळा, अमरावती-अकोल्याची सगळी गर्दी तेव्हाच वर येते, खोलीचा भाव दुप्पट आणि घाटात गाड्यांची रांग. सुट्टीतला सोमवार ते गुरुवार धरा. सकाळी सहाला निघा. परतवाड्यात पेट्रोल, रोख पैसे, औषधं आणि तोंडी लावायला काय घ्यायचं ते सगळं उरकून घ्या, वर मिळतं पण भरवशाचं नाही. घाट बाराच्या आत चढा. वॅगनआर चढते, काळजी नको, पण निघायच्या आधी ब्रेक दाखवून घे, आणि उतरताना ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेकवर पाय ठेवून उतरलीस तर अर्ध्या घाटात जळका वास येईल.

पहिल्या दिवशी गाडी मुक्कामाच्या आवारात लावा आणि तिची चावी तीन दिवस विसरा. दुपारी गाविलगड. हलकी बॅग घ्या, नुसतं पाणी आणि फराळ, अंदाज येऊ द्या. किल्ला मोठा आहे, १४२५ च्या सुमाराचा, बहमनी सुलतानाच्या वेळचा, दरवाजावरचा दोन तोंडांचा गंडभेरुंड पोरांना दाखवायला फोटो काढून आण. आणि एक गंमत सांगते, शाळेतही सांगता येईल. १८०३ मध्ये २९ नोव्हेंबरला तिकडं अडगावला इंग्रज-मराठ्यांची लढाई झाली, तिथून इंग्रजांची फौज इकडं आली, वेलस्ली दक्षिणेकडून आला आणि स्टीव्हनसननं जड तोफा डोंगरांतून ओढत किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या, वाट नव्हती तिथं वाट करून. १५ डिसेंबरला किल्ला पडला. दोन दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा, म्हणजे आपण जिथं पान आणि पिंपळी घ्यायला जातो तेच अंजनगाव. त्या तोफा ओढणाऱ्या बैलांची आणि माणसांची आठवण काढली की दहा किलोच्या बॅगेचं रडू येत नाही.

दुसऱ्या दिवशी खरं चालणं. पूर्ण बॅग पाठीवर, सकाळी ऊन पडल्यावर, म्हणजे साडेसातच्या पुढं निघायचं, आणि दुसऱ्या गावच्या मुक्कामाला जायचं. हा मुक्काम घरूनच फोन करून पक्का केलेला पाहिजे. वनविभागाची संकुलं ऑनलाइन बुक होतात, मॅजिकल मेळघाट म्हणून त्यांची साइट आहे, गावांतही आता कोणी कोणी खोल्या देतात. अंतर दहा-बारा किलोमीटरच्या वर नको, पहिल्यांदा एवढंच पुष्कळ होतं. वाटेत मोथ्याकडं गवळ्यांची घरं आहेत, खवा घ्या, खवा खाऊन चढ चढता येत नाही म्हणून मुक्कामाला पोचल्यावर खा. तिसऱ्या दिवशी वेगळ्या रस्त्यानं परत चिखलदऱ्याला. चौथ्या दिवशी चालायचं नाही, घाट उतरायचा, वाटलं तर परतवाड्यावरून मुक्तागिरीला वळायचं, बावन्न जैन मंदिरं आणि धबधबा, पायऱ्या आहेत, पोटऱ्या ओरडतील, आणि दुपारच्या जेवणाला घरी.

"बस, एवढंच?" असं वाटेल. हो, एवढंच. दोन दिवस पाठीवर घर घेऊन चालणं काय असतं ते एकदा कळू दे.

गावात राहाल तर एक सांगू? कोरकू लोक मोठे अदबीचे आहेत, पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, म्हणून आपणच जास्त मागू नये. पोचल्याबरोबर पोलीस पाटलाला नाहीतर आशाताईला भेटा, तुमच्यातली अंगणवाडीवाली आहे ना, तिला पुढं करा, तिची तिथल्या अंगणवाडीवाल्या बाईशी दोन मिनिटांत मैत्री होईल, मग गावात तुम्ही कोणाच्या तरी झालात. जेवणाचे पैसे हातात ठेवा, नको म्हणाले तरी ठेवा. लेकरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि गोळ्या-चॉकलेटं वाटू नका, त्यांचे दात मी पाहिलेत.

माझ्या जुन्या वाटांतल्या काही आता राहिल्याच नाहीत. बोरी, कोहा, कुंड ही गावं प्रकल्पातून उठून खाली बसवली गेली. ज्या अंगणात मी लेकरांना डोस पाजले तिथं आता गवत आहे म्हणतात, कमरेएवढं. असो.

गवतावरून आठवलं, हे नीट वाचा. पावसाळा संपल्यापासून थंडी पडेपर्यंत गवतात-झुडपात डोळ्याला न दिसणारे बारीक किडे असतात, त्यांच्या चावण्यानं स्क्रब टायफस नावाचा ताप येतो, विदर्भात २०१८ मध्ये चांगलाच गाजला होता. चावलेलं कळत नाही. म्हणून गवतावर फतकल मारून बसू नका, ओले कपडे झुडपावर वाळत घालू नका, पूर्ण बाह्या, सलवारीपेक्षा पॅन्ट बरी, आणि ती मोज्यात खोसा, दिसेल कसं ते जाऊ द्या. मुक्कामाला गेल्यावर अंघोळ आणि कपडे बदल. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनीही, ताप आला, डोकं फुटायला लागलं, काखेत नाहीतर जांघेत सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं की मी गवतातून हिंडून आले. हे सांगितलं की साध्या स्वस्त गोळ्यांत बरं होतं, नाही सांगितलं की टायफॉइड, डेंगू, मलेरिया करत आठवडा जातो. मलेरियासाठी मच्छरदाणी न्या, हलकीशी. जमिनीवर झोपू नका, खाट मागा, मण्यार रात्रीच उबेला अंथरुणात शिरते आणि तिचं चावणं दुखतही नाही, पहाटे पोट दुखलं, पापण्या जड पडल्या, गिळता येईना, तर डाग शोधत बसू नका, मिळेल ती गाडी घ्या आणि दवाखाना गाठा. घाबरवत नाही, तीन बायांत एकीला तरी माहीत असावं म्हणून.

बॅगेचं वजन. साठ लिटरची बॅग घेतली की साठ लिटर भरल्याशिवाय चैन पडत नाही, पातेलं टाक, दुसरी साडी टाक, उशी टाक. आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा, त्याच्या वर नाही, म्हणजे पंचावन्न किलोच्या बाईला पाणी धरून अकरा. घरी काटा नसला तर चक्कीवर जाऊन मोजा, चक्कीवाला हसेल, हसू द्या. स्वयंपाकाचं सामान नकोच, दिवाळीचा चिवडा-चकली तशीही उरलेली असते, त्यात फुटाणे, गूळ, शेंगदाणे, तिळाचे लाडू, आणि पहिल्या दिवशीची भाकर-ठेचा. आपली पूर्णेकाठची सपाटी तीनशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या वर, म्हणजे आपल्या घरी थंडी आहे त्यापेक्षा चार-पाच अंश तरी कमी धरा, एक चांगलं स्वेटर, कानटोपी, दोन मोजे जास्तीचे. नवीन बूट घालून जाऊ नका, महिनाभर शाळेत घालून जा, पोरं विचारतील, विचारू द्या. आणि पाळी आली तर आली, ट्रिप रद्द करायचं कारण नाही, वापरलेले पॅड कागदात, मग दोन पिशव्यांत, आणि परत खाली आणायचे, पुरले तर डुक्कर नाहीतर कुत्रं उकरतं.

आता तंबू, आणि सासूबाई, दोन्ही एकदमच.

जायच्या पंधरा दिवस आधी, सोयाबीन निघालं की, तुमच्याच वावरात एक रात्र काढा. तिघी जणी, भरलेल्या बॅगा पाठीवर, घरून निघून शेजारच्या गावाला चक्कर मारून आठ-नऊ किलोमीटर करून संध्याकाळी वावरात या आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर नाही, मोकळ्या सपाट जागी तंबू लावा. सगळं तिथंच कळेल. तंबूची कोणती काडी कुठं जाते, तिघी त्यात मावता का (तीन माणसांचा म्हणून विकतात त्यात दोन बाया आणि एक बॅग मावते), पहाटे दवानं आतून कापड कसं ओलं होतं, खांद्याला पट्टा कुठं काचतो, रात्री उठायचं झालं तर कोणाची झोपमोड होते, आणि मुख्य म्हणजे तिघींपैकी कोण कुरकुर करते. कुरकुरणारी कोण ते डोंगरात कळण्यापेक्षा घरून अर्ध्या किलोमीटरवर कळलेलं बरं. मी एकदा नवीन डॉक्टरीणबाईला घेऊन कॅम्पला गेले होते, पहिल्या नाल्यातच तिच्या बुटाचा तळ सुटला आणि बाकीचे दोन दिवस ती माझ्या स्लीपरवर आणि मी अनवाणी, तेव्हापासून कोणाच्याही बुटाची खात्री मी निघायच्या आधी स्वतः वाकवून करते.

आणि त्या रात्री सासूबाईंना सोबत न्या. खरंच म्हणते. "कायले जाता" असं विचारणाऱ्या बाईनं लग्नानंतर किती रात्री जागलीला, पिकाची राखण करत, काढल्या असतील ते विचार तिला, माळ्यावर, कंदील घेऊन, पोर मांडीवर. तिला रान नवीन नाही, तुला आहे. डुक्कर आलं की आवाज कसा करायचा, शेकोटी वाऱ्याच्या कोणत्या अंगाला करायची, हे तीच शिकवेल. मग सकाळी चहाच्या वेळेला तिला सांग, आम्ही जंगलात झोपणार नाही, खोलीत झोपणार, हे गाव, हा नंबर, सकाळी निघताना एक फोन आणि चारला पोचल्यावर एक, मध्ये रेंज नसते तेव्हा घाबरू नका, पण सहा वाजेपर्यंत फोन आला नाही तर मुक्कामाच्या नंबरवर लावा. कागदावर लिहून दे, मोठ्या अक्षरात, देवघराजवळ चिकटव. मिस्टरांना पण तोच कागद.

एवढं झाल्यावरही त्या नाहीच म्हणाल्या, तर पत्र लिही, मी फोनवर बोलते त्यांच्याशी, आमच्या वयाच्या बायांचं आपसात जमतं.

चिखलदऱ्याला जाताना तंबू घरीच राहू दे, दोन-तीन किलो वाचतील. आणि परत पाठवायच्या भानगडीत पडू नको, मुदत तशीही संपली असेल. डिसेंबरात तुरीच्या शेंगा भरल्या की वावरात डुकरं येतातच, तेव्हा तू कपाटात शोधत बसशील आणि तंबू सासरे जागलीला घेऊन गेलेले असतील.